पंडिता रमाबाई आणि कृपासदन

दर तीन वर्षांनी उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी आपण विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीचे शुभवर्तमान ऐकतो. याच उताऱ्याने पंडिता रमाबाईंच्या आयुष्याला वळण दिले.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. घरी संस्कृतचे धडे मिळाले, पण दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. १८८२ साली पतीही वारले. पदरात तान्ही मनोरमा. तिला घेऊन त्या १८८३ साली इंग्लंडला, वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टरांकडे गेल्या. या सिस्टर लंडनमध्ये, समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवीत. तिथे सावरलेल्या काही जणी आजाऱ्यांची सेवा करताना रमाबाईंनी पाहिल्या. अशा स्त्रियांना कुणी मायेने जवळ घेते, हेच त्यांना नवीन होते. हे कशासाठी, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

१८८९ साली त्यांनी मुंबईत बालविधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. खरी कसोटी लागली ती १८९६-९७ च्या दुष्काळात. मध्य प्रांतात भुकेल्या, पोरक्या मुली भाकरीच्या आमिषाने वाईट माणसांच्या हाती पडत होत्या. जिथे आसरा मिळायचा, तिथेही त्या सुरक्षित नव्हत्या. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. घात होण्याआधीच पोरीला उचलून आणावे, ही त्यांची रीत. त्याच साली पुण्यात प्लेगची साथ होती. इस्पितळात बायकांना कसे वागवले जाते, याविषयी त्यांनी वर्तमानपत्रात उघडपणे लिहिले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते आरोप नाकारले. एका विधवेने सरकारला असे जाहीर विचारणे त्या काळी सोपे नव्हते!

दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. ज्यांच्यावर अत्याचार झाला होता, ज्यांना घरचे परत घ्यायला तयार नव्हते, अशांसाठी तिथे वेगळे कृपासदन होते. आपल्या भाईंदर-मीरा रोडच्या इमारतींतही असे काही घडले, की पहिला प्रश्न मुलीलाच विचारतात, तू तिथे गेलीसच का? केडगावात आधी अन्न, औषध आणि निजायला जागा मिळे. मग शाळा, विणकाम, शेती, छापखाना. हातात काम आले, की पोटासाठी कुणाच्या दारात उभे राहावे लागत नाही, हे रमाबाईंना स्वतःच्या दुष्काळातल्या भटकंतीने शिकवले होते.

रमाबाई कॅथोलिक नव्हत्या. अँग्लिकन चर्चच्या दिनदर्शिकेत मात्र त्यांचे स्मरण आहे. उतारवयात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून छापले गेले. १९२१ साली मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. केडगावचे काम आजही चालू आहे.