विश्लेषण : परदेशी सेवेला जाण्याआधी ११ वर्षांची तयारी... भिकाऱ्याच्या वेशात श्रीलंकेत गेलेले गोव्याचे संत जोसेफ वाझ कोण होते?

गोव्यातील सांकवाळ येथे दर वर्षी १६ जानेवारीच्या सुमारास भाविकांची रीघ लागते. निमित्त असते संत जोसेफ वाझ यांच्या फेस्ताचे. गोव्याचे संत म्हटले की बहुतेकांना जुन्या गोव्यातील सेंट झेवियर आठवतात. पण झेवियर युरोपातून गोव्यात आले होते. वाझ यांचा प्रवास उलट दिशेचा. ते गोव्यात जन्मले, गोव्यात शिकले आणि सेवेसाठी श्रीलंकेत गेले. तेही भिकाऱ्याच्या वेशात. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले, तो सोहळाही कोलंबोच्या समुद्रकिनारी झाला.

आज परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचे तर व्हिसा, लसीकरण, विमा आणि भाषेचा एखादा कोर्स अशी तयारी करावी लागते. साडेतीनशे वर्षांपूर्वी यातले काहीच नव्हते. तरीही धर्मगुरू झाल्यापासून श्रीलंकेच्या किनाऱ्यावर उतरेपर्यंत वाझ यांची ११ वर्षे गेली. या काळात त्यांनी नेमके काय केले, हे पाहिल्याशिवाय पुढच्या २४ वर्षांचा अर्थ लागत नाही.

बाणावली ते जुने गोवे

जोसेफ (जुझे) वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली येथे, आजोळी झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ सांकवाळचे, आई मारिया दी मिरांदा. घराणे कोकणी ब्राह्मण, काही पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले. सांकवाळच्या शाळेत पोर्तुगीज आणि बाणावलीत लॅटिन शिकून ते पुढच्या शिक्षणासाठी राजधानीत, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यात गेले. तेथे जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात आणि नंतर सेंट थॉमस अक्वायनस अकादमीत त्यांनी तत्त्वज्ञान व धर्मशास्त्राचा अभ्यास केला. १६७६ मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

यानंतर त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या. गरिबांसारखे राहायचे म्हणून ते अनवाणी फिरू लागले. सांकवाळला त्यांनी लॅटिनची शाळा काढली. ५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी एक दस्त लिहून स्वतःला मारिया मातेचा गुलाम म्हणून वाहून घेतले. पोर्तुगीज गोव्यात गुलामांची उघड खरेदी-विक्री चालत होती. त्या समाजात एका उच्चवर्णीय कुटुंबातल्या माणसाने स्वतःसाठी हा शब्द निवडला, ही लहान गोष्ट नव्हे.

श्रीलंकाच का?

श्रीलंकेचा (तेव्हाचे सिलोन) किनारपट्टीचा मोठा भाग दीर्घकाळ पोर्तुगीजांकडे होता. त्यांच्या काळात तेथे अनेक सिंहली आणि तमिळ लोक कॅथलिक झाले. मग डच आले. १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना पडले. डच प्रोटेस्टंट होते आणि पोर्तुगीज हे त्यांचे व्यापारातले शत्रू. त्यामुळे प्रत्येक कॅथलिक धर्मगुरू त्यांना पोर्तुगीजांचा हेर वाटे. धर्मगुरूंना हाकलण्यात आले, त्यांना आसरा देणे गुन्हा ठरला आणि चर्च डचांच्या ताब्यात गेली.

युरोपियन पाद्री गेले, पण स्थानिक कॅथलिक तेथेच राहिले. त्यांच्याकडे मिस्सा करायला, मुलांना बाप्तिस्मा द्यायला, मरणाऱ्याजवळ बसायला कोणी नव्हते. कॅथलिक श्रद्धेत ही कामे धर्मगुरूवाचून अडतात. बाप्तिस्मा प्रसंगी सामान्य माणूसही देऊ शकतो. मिस्सा आणि कबुलीजबाब मात्र धर्मगुरूशिवाय होत नाहीत. त्यामुळे धर्मगुरू नाही याचा अर्थ त्यांच्यासाठी धर्मजीवनच थांबणे असा होता.

ही बातमी गोव्यात पोहोचल्यावर वाझ यांनी जाण्याची तयारी दाखवली. गोरा पाद्री डच बंदरावर लगेच ओळखू आला असता. सावळा गोमंतकीय मात्र दक्षिण भारतातून येणाऱ्या मजुरांत खपून जाऊ शकत होता. पोर्तुगीज गोव्यात ज्या रंगामुळे स्थानिक धर्मगुरूंना दुय्यम स्थान मिळे, तोच रंग येथे उपयोगी पडणार होता.

मग लगेच का पाठवले नाही?

वरिष्ठांनी त्यांना १६८१ मध्ये कानडा प्रांतात, म्हणजे मंगळुरू परिसरात पाठवले. तेथे गोव्यातून स्थलांतरित झालेले बरेच ख्रिस्ती होते. शिवाय एक प्रशासकीय गुंता होता. पूर्वेकडील चर्चच्या नेमणुकांचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता. रोमला मात्र आपले अधिकारी थेट नेमायचे होते. रोमने कानड्यासाठी नेमलेले बिशप थॉमस द कास्त्रो हेही मूळचे गोमंतकीयच, पण गोव्याचे चर्च त्यांना मानायला तयार नव्हते. कोणाच्या अधिकाराने दिलेला संस्कार वैध, असा प्रश्न सामान्य माणसांपुढे उभा राहिला होता. आजच्या भाषेत सांगायचे तर एकाच सिस्टीमला दोन अ‍ॅडमिन आणि दोघांचे पासवर्ड वेगळे!

वाझ गोव्याचे प्रतिनिधी होते. तरी त्यांनी बिशपशी वैर धरले नाही आणि लोकांची कामे अडणार नाहीत असा मार्ग काढण्याचा प्रयत्न केला. पडलेली चर्च उभी केली, शाळा सुरू केल्या, गावोगाव फिरले. मंगळुरूजवळ मुडिपू येथे आजही त्यांच्या नावाचे तीर्थस्थान आहे.

या तीन वर्षांत त्यांना एक महत्त्वाचा सराव झाला. कानड्यात पोर्तुगीजांचे राज्य नव्हते. पाठीशी सरकार नसताना, दुसऱ्या धर्माच्या राजाच्या प्रदेशात काम कसे करायचे, हे ते येथे शिकले.

बॅकअपची व्यवस्था

१६८४ मध्ये वाझ गोव्यात परतले, तेव्हा तेथील वातावरण तणावाचे होते. आदल्याच वर्षी छत्रपती संभाजी महाराजांनी पोर्तुगीजांना जेरीस आणले होते आणि व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर यांनी झेवियर यांच्या शवपेटीपुढे जाऊन धावा केला होता. याच व्हाइसरॉयने जून १६८४ मध्ये कोकणीविरोधी फर्मान काढले. लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम होता. योगायोग असा की ही तीन वर्षांची मुदत संपत असताना वाझ तमिळ मुलखात पोहोचले आणि लोकांशी लोकांच्या भाषेत बोलायला शिकू लागले.

त्याआधी आणखी एक काम व्हायचे होते. युरोपियन धर्मसंघांत गोमंतकीयांना सहसा प्रवेश नव्हता. त्यामुळे काही स्थानिक धर्मगुरू जुन्या गोव्यात होली क्रॉस ऑफ मिरॅकल्स चर्चजवळ एकत्र राहू लागले होते. १६८५ मध्ये वाझ त्यांच्यात सामील झाले आणि त्यांचे प्रमुख झाले. सेंट फिलिप नेरी यांच्या ऑरेटरीच्या धर्तीवर त्यांनी या गटाला शिस्त लावली. ही गोव्यातील स्थानिक धर्मगुरूंची स्वतःची संस्था. ठरलेली प्रार्थना, ठरलेला अभ्यास, एकत्र जेवण, गावोगाव फिरून प्रवचने, असे तिचे स्वरूप होते.

वाझ यांच्या चरित्रात चमत्कारांच्या कथांना जास्त जागा मिळते आणि हा भाग दोन ओळींत उरकला जातो. खरे तर सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता. एकटा माणूस पकडला गेला किंवा तापाने मेला की त्याचे काम तेथेच संपते. मागे संस्था असेल तर दुसरा माणूस पाठवता येतो. १६८६ मध्ये त्यांनी प्रमुखपद सोडण्याची परवानगी मिळवली आणि श्रीलंकेकडे निघाले.

गळ्यात रोझरी, हातात वाडगा

किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे जात ते १६८७ मध्ये तुतिकोरीनला पोहोचले. सोबत जॉन नावाचा तरुण सेवक होता. हा जॉन वाझ यांच्या शेवटच्या दिवसांपर्यंत त्यांच्याबरोबर राहिला. त्याच्याविषयी नोंदी मात्र फारच थोड्या सापडतात. तुतिकोरीनला दोघांनी मजुरांसारखे कपडे केले आणि होडी पकडली. त्या वर्षी ते जाफन्यात पोहोचले.

सुरुवात वाईट झाली. प्रवासातच वाझ यांना हगवण लागली. दोघेही आजारी, ओळख ना पाळख. एका बाईने रोज पेज आणून दिली म्हणून ते जगले, असे चरित्रांत येते. बरे झाल्यावर कॅथलिक शोधायचे कसे, हा प्रश्न होता, कारण विचारणेही धोक्याचे. वाझ यांनी गळ्यात मोठी रोझरी अडकवली आणि भीक मागत दारोदार फिरू लागले. बहुतेकांना ती नुसती माळ वाटे. ज्यांच्या नजरेत काही वेगळे दिसे, तेथे ते सावधपणे बोलणे काढत. खात्री पटल्यावरच आपण धर्मगुरू असल्याचे सांगत.

मिस्सा रात्री होई. पुढे ते जाफन्याजवळच्या सिल्लालै या कॅथलिकबहुल गावात राहिले. पण डचांना सुगावा लागला. १६८९ च्या नाताळच्या रात्री छापे पडले. वाझ निसटले, पकडले गेले ते स्थानिक कॅथलिक, आणि त्यांना कठोर शिक्षा झाल्या. परदेशी सेवेची ही बाजू विसरता येत नाही. सेवक पळून जाऊ शकतो. ज्यांची सेवा करायची, त्यांची घरे तेथेच असतात. वाझ यांनी काम थांबवले नाही, पण ठिकाण बदलले. १६९० मध्ये ते डचांच्या प्रदेशाबाहेर पुत्तलमला गेले.

बौद्ध राजाचा आश्रय

बेटाच्या मध्यभागी कँडीचे स्वतंत्र राज्य होते. राजा विमलधर्मसूर्य दुसरा हा बौद्ध होता. १६९२ मध्ये वाझ तेथे पोहोचले, तोच दरबारातील एका फ्रेंच प्रोटेस्टंटाने ते पोर्तुगीजांचे हेर असल्याची खबर राजाला दिली. वाझ कैदेत गेले.

कैदेत त्यांनी सिंहली भाषा शिकायला घेतली. पहारा सैल झाला तसे आवारात झोपडीवजा प्रार्थनास्थळ उभारले. हळूहळू शहरातले कॅथलिक तेथे येऊ लागले. हा माणूस हेर नाही, हे राजाच्याही लक्षात आले. १६९६ च्या दुष्काळात वाझ यांनी चौकात क्रूस उभारून प्रार्थना केली आणि पाऊस आला, ही कथा त्यांच्या प्रत्येक चरित्रात आढळते. पावसाचे श्रेय कोणाला, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. त्यानंतर त्यांना राज्यात मोकळेपणाने काम करण्याची मुभा मिळाली, हे मात्र नक्की. ख्रिस्ती सत्तेने ज्याला हुडकून काढायचा प्रयत्न केला, त्याला बौद्ध राजाने संरक्षण दिले. श्रीलंकेच्या इतिहासातला हा भाग भारतात फारसा माहीत नाही.

याच सुमारास गोव्यातील संस्थेचे पहिले सहकारी येऊन पोहोचले. जवळपास १० वर्षे वाझ त्या बेटावर एकटे धर्मगुरू होते. नव्याने आलेल्यांत त्यांचा भाचा जुझे कार्व्हाल्योही होता.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा आणि दरबार शहर सोडून गेले. घाबरलेले लोक आजारी नातलगांना टाकून पळाले. वाझ आणि कार्व्हाल्यो थांबले. रिकाम्या घरांत रुग्णांना आणून ठेवणे, त्यांना धुणे-पुसणे, खाऊ घालणे आणि मेलेल्यांना पुरणे, हे काम ते करत राहिले. धर्म कोणता, हे विचारले जात नव्हते. लस अजून शंभर वर्षे दूर होती. राजाचा विश्वास पक्का झाला तो यानंतर.

बिशपपद नाकारले

पुढे वाझ यांच्याकडे बिशपपदाचा विचार गेला, पण ते त्यांनी नाकारले. १७०५ मध्ये जाकोम गोन्साल्विस हे दिवाडी बेटावरचे तरुण धर्मगुरू गोव्याहून आले. वाझ यांनी त्यांना भाषेच्या कामाला लावले. सिंहली आणि तमिळमध्ये लिहिलेल्या गोन्साल्विस यांच्या ग्रंथांमुळे श्रीलंकेच्या कॅथलिक साहित्याचा पाया घातला गेला. कोकणी घरात वाढलेला माणूस सिंहली वाङ्मयाच्या इतिहासात आदराने घेतला जातो, तो असा.

सततच्या पायपिटीने वाझ यांची प्रकृती ढासळली होती. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांचे निधन झाले. वय ५९. श्रीलंकेत गेल्यापासून ते एकदाही गोव्याला परतले नव्हते. त्यांना कँडीतल्या त्यांच्या चर्चमध्ये पुरण्यात आले. ते चर्च पुढे राहिले नाही आणि कबरीची नेमकी जागा आज दाखवता येत नाही. त्यामुळे झेवियर यांच्यासारखे शवदर्शन येथे नाही.

२१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत त्यांना धन्य घोषित केले. संतपदासाठी एरवी आणखी एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. पोप फ्रान्सिस यांनी ही अट शिथिल केली.

गोव्यातील ऑरेटरीकडून वाझ यांच्यानंतरही शतकभराहून अधिक काळ धर्मगुरू श्रीलंकेत जात राहिले. १८३० च्या दशकात पोर्तुगाल सरकारने सर्व धर्मसंघ बरखास्त केले, त्यात ही संस्थाही बंद झाली. जुन्या गोव्यातील टेकडीवर होली क्रॉस ऑफ मिरॅकल्स चर्चचे अवशेष अजून उभे आहेत. सेंट झेवियर यांच्या दर्शनाला जाणाऱ्या पर्यटकांच्या बस मात्र खालच्या रस्त्यावरूनच परत फिरतात.