घोड्यांचे डॉक्टर गास्तों रामों

लस म्हटली की आपल्याला जेन्नर आणि पाश्चर आठवतात. मी आज गास्तों रामों यांच्याविषयी लिहिणार आहे. लसीला मदतनीस मिळवून दिला तो यांनी.

रामों यांचा जन्म ३० सप्टेंबर १८८६ रोजी फ्रान्समधील बेलशोम या खेड्यात झाला. ते शिकून गुराढोरांचे डॉक्टर झाले. १९११ साली ते पाश्चर संस्थेत लागले. पॅरिसजवळ गार्श येथे संस्थेचे घोडे होते. घोड्याला घटसर्पाचे किंवा धनुर्वाताचे विष थोडे थोडे टोचत. मग त्याच्या रक्तात विषावरचा उतारा तयार होई. तो रोग्यांना देत. १९२३ मध्ये रामों यांनी फॉर्मॅलिन आणि ऊब देऊन घटसर्पाचे विष निरुपद्रवी केले. त्यातूनच घटसर्पाची लस झाली.

कधी कधी टोचल्या जागी घोड्याला गळू होई. गळू म्हणजे कटकटच! पण रामों यांनी नीट पाहिलं. ज्या घोड्यांना गळू झालं, त्यांच्याच रक्तात उतारा जास्त निघाला. मग त्यांनी लसीत मुद्दाम निरनिराळे पदार्थ मिसळले. पावाचा चुरा घातला, आपल्या साबुदाण्यासारखा टॅपिओका घातला, सॅपोनिनही घातले. रिठा घुसळला की फेस येतो ना, तो सॅपोनिनमुळेच बरं का! अशा पदार्थाने टोचल्या जागी सूज येते. शरीराचे शिपाई तिकडे धावतात आणि शत्रूची ओळख पक्की करून घेतात. ही गोष्ट १९२५ ची. अशा पदार्थाला ॲडज्युव्हंट, म्हणजे मदतनीस, म्हणतात.

रामों यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी १५५ वेळा सुचवले गेले. पारितोषिक मात्र एकदाही मिळाले नाही. ८ जून १९६३ रोजी ते वारले.

त्यांची युक्ती पुढे हिवतापाच्या लसीला उपयोगी पडली. माझ्या धाकट्या भावाला हिवताप झाला होता. दोन गोधड्या घालूनही तो कुडकुडत होता. तो औषधाने बरा झाला. आफ्रिकेत मात्र या तापाने दरवर्षी लाखो लहान मुले दगावतात. १९९७ साली एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध झाली. एकच लस तीन वेगवेगळ्या मदतनिसांसह स्वयंसेवकांना टोचली आणि मग त्यांना हिवतापाचे डास चावू दिले. पहिल्या गटात ८ पैकी १ जण वाचला, दुसऱ्यात ७ पैकी २. तिसऱ्या गटात ७ पैकी ६ जणांना ताप आलाच नाही! त्यांच्या मदतनिसात चिली देशातल्या एका झाडाच्या सालीचे सॅपोनिन होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही लस मुलांना देण्याची शिफारस केली, आणि २०२३ मध्ये दुसऱ्या लसीची. दुसरीतही त्याच सालीचे सॅपोनिन आहे, आणि ती तयार होते आपल्या पुण्यात.

मित्रांनो, घोड्याच्या गळवाकडे रामों यांनी कटकट म्हणून पाहिलं असतं, तर? म्हणून मी ठरवलंय, एखादी गोष्ट बिघडलेली दिसली की आधी ती नीट बघायची. तुम्हीही बघा.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी