गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

श्री क्षेत्र नृसिंहवाडीहून नदी ओलांडली की कुरुंदवाड लागते. याच गावी १८ ऑगस्ट १८७२ रोजी पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार असल्याने अभंग, आख्यान व टाळमृदंग यांचे संस्कार घरातच लाभले. बालपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका चेहऱ्याजवळ फुटून त्यांची दृष्टी कायमची अधू झाली. शाळेतील विद्याभ्यास खुंटला. गळा मात्र गोड होता. मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने त्यांना गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे ग्वाल्हेर गायकीची कठोर तालीम मिळाली.

गवयास त्या काळी दरबारात आश्रय मिळे, पण समाजात मान नसे. सभ्य घरातील मुलांनी गाणे शिकू नये, असाच समज होता. ही अवहेलना पंडितजींच्या जिव्हारी लागली. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गंधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाश्रयाऐवजी लोकाश्रयावर चाललेल्या या विद्यालयात गरीब मुलांना राहण्याजेवण्यासह विद्या मिळे. स्वरलिपीची पुस्तके छापून घराण्यांतील विद्या त्यांनी सर्वांस खुली केली. शृंगारिक शब्दांच्या जागी भक्तिपर पदे योजून रागदारी घराघरांत नेली. काही रसिकांना हा बदल रुचला नाही, आणि जुन्या बंदिशींची गोडी जाणणाऱ्यास त्यांची हळहळ समजू शकते. तथापि याच पदांमुळे सोवळ्या घरांतून तंबोऱ्यास प्रवेश मिळाला, हेही विसरता येत नाही.

१९०८ साली मुंबईत विद्यालयाची शाखा निघाली. तिच्यासाठी उभारलेली वास्तू पुढे कर्जापायी लिलावात गेली. आयुष्यभराच्या मैफलींची मिळकत त्यांनी या कार्यातच ओतली होती. उत्तरायुष्यात पंडितजी रामनामात रमले. नाशिक येथे त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापिला व तुलसी रामायणाचे निरूपण गायनासह केले. ‘रघुपति राघव राजाराम’ या धूनची प्रचलित चाल त्यांचीच मानली जाते.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांची बरीचशी अपत्ये बालपणीच निवर्तली होती. १९२१ साली नाशिक येथे जन्मलेल्या पुत्राचे नाव दत्तात्रेय. पित्याच्या निधनसमयी अवघ्या दहा वर्षांच्या या मुलास पंडितजींचे शिष्य विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास यांनी घडविले. द. वि. पलुस्कर या नावाने त्यांनी गायिलेली भजने आजही ऐकावयास मिळतात.