पिवळ्या गळ्याची चिमणी

(द्वितीय वर्ष, कला)

ज्वारी हुरड्याला आली की आमच्या शेतावर भोरड्यांचे थवे उतरतात. शाळेत असताना मी मचाणावर उभा राहून गोफण फिरवीत असे. एकदा दगड लागून एक भोरडी खाली पडली. अंग गुलाबी, डोके काळे. ती हातात घेऊन पाहिली आणि बांधावर टाकून दिली. ती कोठून येते, कोठे जाते, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. पीक वाचले एवढेच समाधान होते.

गेल्या वर्षी मार्च महिन्यात मी नगरपालिकेच्या बागेत अभ्यासाला बसत असे. समोरचा पांगारा लाल फुलांनी भरला होता आणि त्यावर त्याच भोरड्या मध पिण्यासाठी कलकलाट करीत होत्या. दिवसेंदिवस थवा मोठा होत गेला आणि एप्रिल निम्मा सरला तेव्हा त्यांतली एकही दिसेना. ग्रंथालयातून डॉ. सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आणले. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून हा पक्षी हिवाळा काढायला आपल्याकडे येतो, वसंतात परत जातो आणि तिकडे टोळ खाऊन पिलांना वाढवतो, हे मला तेव्हा कळले. ज्या माणसामुळे हे कळले त्याचे चरित्र मिळवून वाचले. तेच येथे थोडक्यात सांगतो.

सालिम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. ते वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना खेतवाडीतील आपल्या घरी वाढविले. मामा शिकारी होते. त्यांनी भाच्याला छऱ्याची बंदूक दिली. दहा-बारा वर्षांच्या सालिमने एके दिवशी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी कोणती, हे मामांना सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे पाठविले. त्या गोऱ्या साहेबाकडे जाताना मुलगा घाबरला होता. पण मिलर्डसाहेबांनी चिमणी ओळखली, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखविले, वाचायला पुस्तके दिली. एका प्रश्नाने त्या मुलाच्या आयुष्याची वाट ठरली.

परंतु ही वाट सरळ नव्हती. 1913 साली ते जेमतेम मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स कॉलेजात पहिल्याच वर्षी गणिताने त्यांना जेरीस आणले आणि कॉलेज सोडून ते ब्रह्मदेशात भावाच्या खाणीच्या व लाकडाच्या धंद्यात गेले. धंद्यात लक्ष थोडे आणि रानातल्या पक्ष्यांकडे जास्त! 1917 साली परत आल्यावर त्यांनी व्यापारी कायदा व हिशेब यांचा अभ्यास केला आणि फादर ब्लॅटर यांच्या आग्रहावरून प्राणिशास्त्राचाही. 1918 साली तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सरकारच्या प्राणिसर्वेक्षण खात्यात मात्र त्यांना जागा मिळाली नाही. कारण एकच, विद्यापीठाची पदवी नव्हती.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पदवी या शब्दाचे आमच्याकडे फार मोल आहे. म्हणून हा प्रसंग मी दोनदा वाचला. एवढ्या जाणत्या माणसाला कागदावाचून दारातून परत पाठविले जाते, याचे वाईट वाटले. पण त्याहून विशेष हे की, ते दार बंद झाल्यावर सालिम अली दुसऱ्या मार्गाने शिकत राहिले.

1926 साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. 1928 साली रजा घेऊन ते बर्लिनला प्रा. श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकायला गेले. उत्तर समुद्रातील हेल्गोलँड या चिमुकल्या बेटावरील पक्षिनिरीक्षण केंद्रातही त्यांनी काम केले. समुद्र ओलांडणारे थकलेले पक्षी तेथील झुडपांच्या बागेत उतरतात. त्यांना जाळ्यात अलगद धरून, पायात क्रमांकाचे हलके वाळे घालून सोडून देतात. पुढे तो पक्षी कोठे सापडला तर त्याचा प्रवास समजतो. ही विद्या घेऊन ते 1930 साली परतले, तर म्युझियमने पैशाअभावी त्यांची जागाच रद्द केली होती!

मग ते पत्नीसह अलिबागजवळच्या किहीम येथे जाऊन राहिले. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याची वसाहत रोज तासन्‌तास पाहिली. आपण म्हणतो ती ‘सुगरण’, पण घरटे विणणारा नर असतो. अर्धे घरटे झाले की मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तर राहते; आणि ती स्थिरावली की हा गृहस्थ शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! नोकरी गेलेल्या माणसाने केलेले हे निरीक्षण 1931 साली सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले आणि जाणकारांचे लक्ष त्यांच्याकडे गेले.

पुढे हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, भोपाळ अशा संस्थानांत त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली. प्रवासखर्च संस्थानाने द्यावा, पगार नको, अशी त्यांची तयारी असे. तेहमिनाबाई तंबूत राहून सारे सांभाळीत. 1939 साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. या आघातातूनही काम थांबले नाही. 1941 साली ते पुस्तक निघाले, ज्यात पक्ष्याचा आकार चिमणी, बुलबुल, मैना किंवा कावळा यांच्याशी ताडून सांगितला आहे. त्यामुळे माझ्यासारख्या खेड्यातल्या मुलालाही ते समजते. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेले दहा खंड 1974 पर्यंत पुरे झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भरतपूर व अन्य ठिकाणी हजारो पक्ष्यांना वाळी घालून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास झाला, तो त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. 1976 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, 1985 साली ते राज्यसभेवर नियुक्त झाले आणि 1987 साली मुंबईत निवर्तले.

एक गोष्ट लपवू नये. भरतपूरच्या अभयारण्यात गुरांना बंदी असावी, असे त्यांचे मत होते. 1982 साली बंदी आली, तेव्हा गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष होऊन माणसे दगावली. पुढे गवत एवढे माजले की पाणपक्ष्यांना जागा उरेना. म्हशींच्या चरण्याने ते गवत आटोक्यात राहत होते, हे त्यांच्याच सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी अभ्यासाने दाखवून दिले. गुराख्यांना कोणी विचारले असते तर! तरीही मोठ्या माणसाचे मत चुकले हे त्याच्याच संस्थेने पाहून, मोजून लिहिले, यात मला त्यांच्या शिकवणीचाच विजय दिसतो.

भोरड्या तिकडे टोळ खातात, हे मी वडिलांना मोठ्या उत्साहाने सांगितले. ते हसले आणि म्हणाले की, तिकडे टोळ खात असतील, इकडे मात्र ज्वारीच खातात. त्यांचेही खरेच आहे. यंदा मी मचाणावर गोफण नेली नाही, पत्र्याचा डबा नेला. दिवसभर तो बडवून हात दुखले, थोडी कणसे गेलीही. पण थवा उडून गेला तेव्हा तो कोणत्या दिशेला वळला, हे मी वहीत लिहून ठेवले आहे.