'काश्मीर प्रिन्सेस'चे कॅप्टन जटार

एअर इंडिया इंटरनॅशनलचे वैमानिक कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार यांचे नाव भारतीय हवाई वाहतुकीच्या इतिहासात एका अखेरच्या उड्डाणाने कोरले गेले. ११ एप्रिल १९५५ रोजी ते अमेरिकी बनावटीचे लॉकहीड कॉन्स्टेलेशन 'काश्मीर प्रिन्सेस' हाँगकाँगहून जाकार्ताला नेत होते. बांडुंग परिषदेला निघालेले चिनी प्रतिनिधी आणि पत्रकार त्यात होते. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्यासाठी पेरलेला टाइमबॉम्ब सुमारे १८ हजार फुटांवर फुटला. चौ मात्र विमानात नव्हते.

पंखाला आग लागली, धूर पसरला. जटार यांनी विमान समुद्रावर उतरविण्याचा प्रयत्न केला. नातुना बेटांजवळील ठावठिकाणा बिनतारी संदेशाने कळविण्यात आला. हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी यांनी प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे वाटली. पाण्यावर आदळताच विमान दुभंगले. १९ पैकी १६ जण दगावले. त्यांत जटारही होते. सहवैमानिक दीक्षित, मार्गदर्शक पाठक आणि अभियंते अनंत कर्णिक वाचले. पुढे अवशेषांच्या तपासणीतून घातपात सिद्ध झाला. जटार यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. मृत्यू समोर असतानाही त्यांनी विमानाचे सुकाणू सोडले नाही, हीच त्यांची खरी ओळख ठरली.