मुख्य गणक राधानाथ शिकदार

भूगोलाच्या नकाशांत शिखराच्या नांवापुढें एक आंकडा छापलेला असतो. तो पाठ करणारे विद्यार्थी पुष्कळ. तो कसा निघाला हें विचारणारे थोडे. असे आंकडे काढण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्या राधानाथ शिकदार यांचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

राधानाथांचा जन्म १८१३ सालीं कलकत्त्यास झाला. हिंदू कॉलेजांत त्यांनीं टायटलर यांच्याजवळ उच्च गणिताचें अध्ययन केलें. त्या सुमारास हिंदुस्थानची थोरली त्रिकोणमितीय मोजणी चालू होती, व तिचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांस गोलीय त्रिकोणमिति जाणणारा तरुण हवा होता. टायटलर यांनीं राधानाथांचें नांव सुचविलें आणि १८३१ सालीं दरमहा ३० रुपयांवर ते गणक झाले. पुढें कांहीं वर्षें ते डेहराडूनास होते. १८४९ सालीं मुख्य गणक होऊन कलकत्त्यास परतले.

शिखराची उंची काढावयाची म्हणजे प्रथम दूरच्या ठाण्यावरून थिओडोलाइटनें त्याचा कोन मोजावयाचा व त्रिकोणावरून अंतर काढावयाचें. मग पृथ्वीच्या वक्रतेमुळें दडलेली उंची मिळवावयाची, आणि हवेंत किरण वांकल्यामुळें भासणारी जादा उंची वजा करावयाची. जितकीं ठाणीं तितक्या वेळां हाच हिशेब. त्यांची सरासरी ती त्या शिखराची उंची. हिमालयाच्या ७९ शिखरांस हीच रीत लाविली गेली. हा शीण हलका व्हावा म्हणून राधानाथांनीं सहाय्यक कोष्टकें रचिलीं; त्यामुळें प्रत्येक बिंदूसाठीं मुळापासून गणित करण्याचे गणकांचे श्रम वांचले. आज यंत्रास एकदां नियम लिहून दिला कीं तें नकाशावरील हजारों स्थळांस तो एकामागून एक लावतें. त्या काळीं तें काम टांक, दौत आणि माणसाचें धैर्य यांवरच चाले.

पंधरावें शिखर हें या यादींतील एक क्रमांक मात्र होतें. निकल्सन यांनीं शंभर मैलांहून अधिक अंतरावरील सहा ठाण्यांवरून तें पाहिलें होतें. हिशेबाअंतीं त्याची उंची २९,००२ फूट ठरली व तें जगांत सर्वोच्च असल्याचें अँड्र्यू वॉ यांनीं १८५६ सालीं जाहीर केलें. या शोधाचें श्रेय परंपरेनें राधानाथांस दिलें जातें. तरी त्या कामास अनेकांचे हात लागले होते. २०२० सालीं जाहीर झालेली ८,८४८.८६ मीटर ही उंची त्या आंकड्याहून सुमारें ३० फुटांनींच अधिक आहे.

आंकड्यांत काटेकोर असणारा हा पुरुष माणसांच्या बाबतींतही तसाच होता. १८४३ सालीं डेहराडूनच्या मॅजिस्ट्रेटानें मोजणीखात्याच्या मजुरांस वेठीस धरून आपलें सामान वाहावयास लाविलें, तेव्हां राधानाथांनीं विरोध केला. त्याबद्दल त्यांस २०० रुपये दंड सोसावा लागला. १८५४ सालीं प्यारीचांद मित्र यांच्यासह त्यांनीं 'मासिक पत्रिका' काढिली. स्त्रियांस व सामान्य जनांस समजेल अशी सोपी बंगाली हें तिचें वैशिष्ट्य होतें.

१७ मे १८७० रोजीं चंदननगर येथें त्यांचें देहावसान झालें. मोजणीच्या पाठ्यग्रंथाच्या १८५१ च्या आवृत्तींत त्यांनीं लिहिलेल्या भागांबद्दल प्रस्तावनेंत आभार मानिले होते. १८७५ च्या आवृत्तींत कोष्टकें राहिलीं, परंतु ते आभार गळाले. 'फ्रेंड ऑफ इंडिया' पत्रानें या अन्यायाचा निषेध केला.

विद्यार्थिमित्रांनो, दुसऱ्याच्या वहींतून उत्तर घेऊन त्याचें नांव खोडणें हा दोष मोठ्यांच्याही हातून घडतो. तेव्हां नकाशांतील आंकडा वाचतांना तो काढणाऱ्याचें नांवही उच्चारावें, एवढीच आमची विनंति आहे.