लक्ष्मीबाई टिळक : सोवळ्यातील बालपण आणि वाचक

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचा जन्म नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. १८५७ च्या उठावात जवळच्या आप्ताला फाशी झाल्यावर वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा ध्यास घेतला, की बाजारातून आणलेले मीठही धुऊन घेतले जाई. त्याची झळ आईला व मुलांना सोसावी लागली. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ताटातुटीनंतर, अंतःकरणातील जातिभेद गळून पडल्यावर, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या निधनानंतर (१९१९) त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' त्यांनीच पूर्ण केले.

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. वाचकांनी दाद दिली ती प्रामुख्याने विनोदाला आणि घरगुती भाषेला. पुढील अभ्यासकांनी तीत स्त्रीच्या आत्मभानाचा शोध घेतला. सोवळ्याचे प्रसंग मात्र बहुधा गंमत म्हणूनच वाचले गेले. परळी वैजनाथसारख्या ज्योतिर्लिंगाच्या गावी सोवळे-ओवळे परिचयाचे असते. तेथील वाचकाला या हसण्यामागचा धाक अधिक जाणवावा. लेखिकेच्या मनात वडिलांविषयी कटुता नाही. परंतु त्यावरून दुःख नव्हते, असा निष्कर्ष काढता येत नाही. स्पर्शाच्या भयात वाढलेल्या मुलीने पुढे स्पर्शाचा भेदच टाकून दिला. म्हणून हे बालपण चरित्राची विनोदी प्रस्तावना नसून त्यातील मूळ प्रश्न होय.